चौथीतलं मूल वाचत नाही, तर मोहल्ल्याने काय करायचं?

पहिल्या सत्राचे निकाल लागले की शाळेच्या फाटकापाशी एक वाक्य हमखास ऐकू येते, "मिस, याचं अभ्यासात डोकंच चालत नाही." मूल शेजारीच उभे असते आणि सगळे ऐकत असते. पुढचा रस्ताही ठरलेला असतो. मुलगा असेल तर ट्यूशन, आणि तिथेही जमले नाही तर दोन-तीन वर्षांत मामूच्या गॅरेजमध्ये. मुलगी असेल तर "आठवीपर्यंत शिकली, बस झालं."

चौथी-पाचवीत वाचता न येणारी बहुतेक मुले मंद नसतात. त्यांचा पाया कुठेतरी सुटलेला असतो आणि तो नेमका कुठे सुटला, हे पाच मिनिटांत कळू शकते. तो भरून काढता येतो, हेही आपल्या मुंबईतच तपासून पाहिलेले आहे. त्यासाठी शिक्षकाला काय शिकवावे लागते आणि मोहल्ल्याला काय करावे लागते, ते समजून घेऊ. घाई अशासाठी की २०२३-२४ पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे. मूल नापास झाले तर फेरपरीक्षा, त्यातही नापास झाले तर त्याच वर्गात. ढकलगाडी बंद झाली. ज्या मुलाला चौथीत वाचता येत नाही, त्याच्या हातात आता फार थोडा वेळ असतो.

पाच मिनिटांची तपासणी

'प्रथम' ही संस्था २००५ पासून गावागावांत मुलांच्या वाचनाचे आणि गणिताचे सर्वेक्षण करते. त्याच्या अहवालाचे नाव 'असर'. नाव इंग्रजी आद्याक्षरांवरून बनले आहे, पण अर्थ आपल्या उर्दूतलाच. सर्वेक्षण करणारा घरी येतो आणि मुलासमोर एक कागद ठेवतो. त्यावर सुटी अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट असते. आधी उतारा वाचायला सांगतात. जमला तर गोष्ट. अडला तर शब्द, आणि शब्दही अडले तर अक्षरे. जिथे मूल थांबते, ती त्याची पातळी. ते कोणत्या इयत्तेत बसते, याच्याशी काही देणेघेणे नाही.

२०२४ च्या 'असर'मध्ये देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीच्या शंभर मुलांपैकी सुमारे २३ जणांनाच दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. २०२२ मध्ये, कोरोनानंतर, हा आकडा १६ च्या आसपास होता. पाचवीतसुद्धा २०२४ मध्ये निम्म्याहून कमीच, म्हणजे साधारण ४५. तेव्हा तुमचे मूल एकटे नाही. त्याच्या वर्गात त्याच्यासारखे आणखी बरेच आहेत, फक्त ते मागच्या बाकावर शांत बसतात.

ही तपासणी घरी करता येते. दुसरीचे पुस्तक घ्या, पण त्याने पाठ केलेला धडा नको. आमच्याकडे कित्येक मुले अख्खा धडा घडाघडा म्हणतात आणि बोट तिसऱ्याच ओळीवर असते. न वाचलेला मजकूर द्या, मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवा आणि विचारा, "हे काय लिहिलंय?" अम्मीला स्वतःला वाचता येत नसेल तर थोरल्या बहिणीला बसवा. या वेळी रागावायचे नाही, चूकही दुरुस्त करायची नाही. फक्त मूल कुठे थांबते ते पाहायचे.

बालसखीने काय दाखवले

'प्रथम'ची सुरुवात १९९४ साली मुंबईतच झाली. माधव चव्हाण आणि निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयातल्या फरीदा लांबे यांनी वस्त्यांमधल्या बालवाड्यांपासून हे काम उभे केले. पुढे पालिकेच्या शाळांत 'बालसखी' आली. वस्तीतलीच, दहावी-बारावी झालेली एखादी मुलगी. तिला सुरुवातीला दोन आठवड्यांचे प्रशिक्षण आणि महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले ती रोज दोन तास वेगळी घेऊन बसायची आणि त्यांना त्यांच्या पातळीचे वाचन आणि हिशेब शिकवायची. चौथीचे पुस्तक त्या दोन तासांत बाजूला.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदरा इथे हा कार्यक्रम मोजून पाहिला. काही वर्गांना बालसखी दिली, काहींना नाही, आणि दोन्हीकडच्या मुलांची परीक्षा घेतली. जिथे बालसखी होती तिथली मुले पुढे गेली, आणि सर्वांत जास्त फायदा तळातल्या मुलांना झाला. (या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासोबत २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते अशाच पद्धतीच्या कामासाठी.) त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात फायद्याचा बराचसा भाग ओसरला. मूल जेमतेम वाचायला लागले आणि आपण हात काढून घेतला, तर ते परत घसरते.

तरी एक मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. बालसखी बीएड नव्हती. वर्गशिक्षकापेक्षा तिचे शिक्षण कमीच होते. तिच्याकडे दोन गोष्टी होत्या : लहान गट, आणि मूल जिथे आहे तिथून सुरू करण्याची मोकळीक. आपल्या गल्लीतल्या ट्यूशनमध्ये नेमक्या याच दोन गोष्टी नसतात. एका खोलीत पहिलीपासून सातवीपर्यंतची तीस-चाळीस मुले आणि काम काय, तर शाळेचा गृहपाठ उतरवून देणे. वही भरते, पालकांना समाधान मिळते. वाचन जिथे होते तिथेच राहते.

प्रशिक्षण झालं, मग फरक का दिसत नाही?

आम्हा शिक्षकांची प्रशिक्षणे कमी होत नाहीत. केंद्राची शिक्षण परिषद असते, 'डाएट'ची शिबिरे असतात, 'निष्ठा' आहे, 'दीक्षा' अॅपवरचे ऑनलाइन कोर्स आहेत. ५ जुलै २०२१ ला केंद्र सरकारने 'निपुण भारत' सुरू केले. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित यावे, हे त्याचे लक्ष्य. मग वर्गात फरक का पडत नाही?

याचे उत्तर बिहार आणि हरियाणात मिळते. बिहारमध्ये सरकारी शिक्षकांना पातळीनुसार शिकवण्याचे प्रशिक्षण आणि साहित्य दिले. नुसते एवढेच जिथे दिले, तिथे मुलांच्या वाचनात काही बदल दिसला नाही. पण त्याच बिहारमध्ये सरकारी शिक्षकांनीच उन्हाळी सुट्टीत शिबिरे घेतली, तेव्हा मुले सुधारली. शिक्षक तेच आणि पद्धतही तीच. फरक एवढाच की सुट्टीत अभ्यासक्रम संपवण्याचा बोजा डोक्यावर नव्हता. हरियाणात २०१२-१३ मध्ये मग वेगळी मांडणी केली. शाळेच्या वेळापत्रकात रोज एक तास राखून ठेवला. त्या तासात तिसरी ते पाचवीच्या मुलांचे इयत्तेनुसार नाही तर पातळीनुसार गट केले. आपल्याकडच्या केंद्रप्रमुखांसारखे जे अधिकारी शाळांना भेटी देतात, त्यांना आधी स्वतः पंधरा-वीस दिवस मुलांना शिकवायला लावले. त्यानंतरच त्यांनी शिक्षकांना मार्गदर्शन केले. इथे सरकारी शिक्षकांच्या हातूनच मुलांचे वाचन सुधारले.

वर्गात उभी राहणारी व्यक्ती म्हणून मला हे अगदी पटते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ शिक्षकाला सांगते की ठरलेल्या मुदतीत पूर्ण अभ्यासक्रम संपवा. तेच कलम पुढे सांगते की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासा आणि गरज असेल तर जादा शिकवा. तपासणीला साहेब आले की पहिल्या गोष्टीचा हिशेब विचारतात. दुसरीचा कोण विचारतो? त्यात निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, रोजची ऑनलाइन माहिती. प्रशिक्षणात शिकवलेले तंत्र चांगले असते, पण ते वापरायला रोजचा राखीव तास लागतो. तो तास मुख्याध्यापक देऊ शकतात, आणि पालकांनी मागितला तर देणे त्यांनाही सोपे जाते.

उर्दू शाळेतल्या मुलाची वेगळी अडचण

हा भाग मला जरा सविस्तर सांगायचा आहे. मराठी किंवा इंग्रजीसाठी बनवलेली प्रशिक्षणे इथे तोकडी पडतात.

पालक विचारतात, "कुरआन शरीफ पढतो, मग उर्दूचं पुस्तक का वाचत नाही?" प्रश्न रास्त आहे. मकतबमध्ये नूरानी कायद्यापासून मूल जे शिकते, त्यात प्रत्येक अक्षरावर जबर, जेर, पेश छापलेले असते. डोळ्यांना दिसते तेवढे उच्चारले की झाले. उर्दूच्या पुस्तकात पहिली-दुसरीनंतर ही चिन्हे गळून पडतात. अलिफ आणि सीन एवढेच लिहिलेले असते. ते 'इस' आहे की 'उस', हे वाक्याच्या अर्थावरून ठरवायचे. बे आणि नून म्हणजे 'बन', 'बिन' की 'बुन'? ज्याला बोलली जाणारी उर्दू चांगली येते, तो अंदाजाने वाचून जातो. पण घरात दखनी बोलणारे मराठवाड्यातले किंवा कोकणी बोलणारे रत्नागिरी-रायगडकडचे मूल इथे अडते. पुस्तकातली उर्दू त्याच्या अम्मीची भाषा नसते. त्याला एकाच वेळी लिपी आणि भाषा दोन्ही शिकायच्या असतात.

शिवाय अक्षरांचे रूप बदलते. बे, पे, ते, टे, से यांचा साचा एकच, फरक फक्त वरच्या-खालच्या खुणांचा. शब्दाच्या सुरुवातीला किंवा मध्ये आले की ते आक्रसून छोट्या दाताएवढे होतात, आणि नून आणि येसुद्धा तसेच दिसू लागतात. अलिफ, दाल, रे, वाव ही अक्षरे पुढच्याला जोडतच नाहीत, त्यामुळे शब्द मध्येच तुटलेला दिसतो आणि मुलाला वाटते दुसरा शब्द सुरू झाला. मकतबमधली लिपी सरळ रेषेत बसते, तर उर्दूची नस्तालीक तिरपी उतरते. लिहिताना वेगळाच घोळ होतो. 'स'च्या आवाजासाठी सीन, से, स्वाद आणि 'ज़'साठी ज़े, ज़ाल, ज़्वाद, ज़ोय. इम्ल्यात मुलाने 'ज़'चे दुसरे अक्षर लिहिले तर त्याचे कान चुकलेले नसतात. चूक दुरुस्त करावी, पण त्याला ढ म्हणू नये.

आणि याच मुलाला शेजारच्या तासाला मराठी डावीकडून उजवीकडे वाचायची असते. २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, आणि ती यायलाच हवी, महाराष्ट्रात राहायचे आहे. पण 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि उच्चार मात्र 'क'नंतर, हे सुरुवातीला मुलाला चक्रावून टाकते. त्यावर इंग्रजी आहेच. तीन लिप्या आणि मकतबची अरबी. पहिली-दुसरीत यांतल्या एकीवर तरी पक्की पकड बसली नाही, तर चौथीत सगळ्याच डळमळतात.

म्हणून उर्दू शाळांच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात या गोष्टी हव्यात : अक्षरांची बदलती रूपे एकत्र कुटुंबासारखी शिकवणे, जबर-जेर हळूहळू काढणे, घरच्या बोलीतून पुस्तकी भाषेकडे नेणे. दखनीत मूल 'मेरे कू होना' म्हणाले तर ते हसण्यावारी न्यायचे नाही. आधी त्याचे ऐकून घ्यायचे, मग पुस्तकातले 'मुझे चाहिए' सांगायचे. यासाठी मोठ्या तज्ज्ञांची वाट बघायला नको. एका केंद्रातल्या चार-पाच उर्दू शाळांच्या शिक्षिका महिन्यातून एक दुपार बसून कार्ड आणि तक्ते बनवू शकतात.

नुसत्या सभांनी होत नाही

आपल्याकडे समाजाचा सहभाग म्हटले की जलसा होतो. स्टेज, शाल, तालीमच्या अहमियतवर तकरीर, गुणवंतांचा सत्कार. सत्कार जरूर करा, पण तळातले मूल त्या स्टेजवर कधीच येत नाही.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात या विषयावर एक मोठा प्रयोग झाला. काही गावांत सभा घेऊन लोकांना गावातल्या शिक्षण समितीचे अधिकार समजावले. काही गावांत त्याशिवाय गावकऱ्यांना मुलांची वाचनचाचणी घ्यायला शिकवले. तिसऱ्या प्रकारच्या गावांत त्यापुढे जाऊन गावातल्या तरुणांना आठवड्याभराच्या आतले प्रशिक्षण देऊन वाचनवर्ग घ्यायला लावले. पहिल्या दोन प्रकारांत मुलांच्या वाचनावर काही परिणाम झाला नाही. तिसऱ्यात झाला, आणि चांगला झाला. अडचण एकच, त्या वर्गांना मुले फार थोडी आली. शंभरातली आठ-दहाच. स्वयंसेवक मिळतात, मुलाला रोज हात धरून आणणारे कोणी हवे असते.

शाळा व्यवस्थापन समितीचे काय, असे कोणी विचारेल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे जिल्हा परिषदेच्या, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत ही समिती असते. तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि निम्म्या महिला. पण अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत २०१२ च्या दुरुस्तीने तिची भूमिका फक्त सल्ल्यापुरती ठेवली. २०१४ च्या प्रमती निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदाच अल्पसंख्याक शाळांना लागू नाही असे सांगितले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये दुसऱ्या एका खंडपीठाने त्या निकालाबद्दल शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे म्हटले आहे. न्यायालय काय ठरवेल ते ठरवेल. आज मात्र ट्रस्टच्या उर्दू शाळेत मूल असेल, तर कायद्याकडे बोट दाखवून भागत नाही. ट्रस्टचे लोक आपलेच आहेत, जुम्म्याला भेटतात. त्यांना विचारायचे : आपल्या शाळेत वाचता न येणारी मुले किती? इमारतीचा चंदा किती जमला, याचा आकडा त्यांना तोंडपाठ असतो. हाही असायला हवा.

काही मुलांची गोष्ट वेगळी असते

लहान गट आणि रोजचा सराव देऊनही काही मुले अक्षरांवरच अडकून राहतात. बोलण्यात हुशार, बाजारातला हिशेब चोख, पण लिहिलेले उमगत नाही. ही अध्ययन अक्षमता असू शकते, ज्याला लोक डिस्लेक्सिया म्हणून ओळखतात. 'तारे जमीं पर' २००७ मध्ये आला तेव्हा बऱ्याच घरांत पहिल्यांदा हा शब्द पोचला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत हिचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळाले तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मुंबईत सायन आणि नायर रुग्णालयांत याची तपासणी होते. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात चौकशी करावी, आणि शाळेला समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकाला बोलवायला सांगावे.

उर्दूवाल्यांसाठी एक अडचण आहे. २०१५ मध्ये 'डाली' नावाची डिस्लेक्सिया तपासणी भारतीय भाषांसाठी तयार झाली, ती सुरुवातीला हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. उर्दू त्यात नव्हती. उर्दू माध्यमाच्या मुलाला न शिकवलेल्या भाषेत तपासले, तर अक्षमता आहे की ती भाषाच येत नाही, हे कळणार कसे? म्हणून डॉक्टरांना मुलाचे माध्यम आणि घरची बोली आधी सांगा, त्याच्या उर्दूच्या वह्या सोबत न्या. प्रमाणपत्राला लाजू नका. रिश्त्याच्या वेळी काय होईल, ही चिंता मी चौथीतल्या मुलीच्या अम्मीकडून ऐकली आहे. तिला मी म्हटले, "आपा, आधी दहावी होऊ द्या."

आणि मारणे. शाळेत शारीरिक शिक्षेला कलम १७ ने बंदी आहे. मकतबमध्ये आणि घरातही ती थांबायला हवी. न वाचणारे मूल छडीने वाचायला लागले, असे मी बावीस वर्षांत एकदाही पाहिले नाही. घाबरून पाठ करायला लागलेली मात्र पुष्कळ पाहिली.

सुरुवात कशी करता येईल

खर्च जवळजवळ नाही. जागा मशिदीच्या मकतबची किंवा जमातखान्याची. बहुतेक ठिकाणी असर ते मगरिबच्या वेळी मुले तिथे येतातच, त्यामुळे जौनपूरसारखी मुले गोळा करण्याची अडचण अर्ध्याने कमी होते. शिकवायला मोहल्ल्यातल्या बारावी, बीए, डीएड करून घरी बसलेल्या मुली. प्रत्येक मोहल्ल्यात त्या चार-पाच तरी निघतात. त्यांना फुकट राबवू नका, चंद्यातून थोडे मानधन द्या. पंधरा मुलांमागे एक मुलगी, त्याहून जास्त मुले नकोत.

पहिल्या दिवशी अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट या कागदावर प्रत्येकाची तपासणी आणि त्याप्रमाणे गट. रोज एक तास. गोष्ट मोठ्याने वाचणे, तिच्यावर गप्पा, शब्दांचे कार्ड, शेवटी दोन ओळी स्वतःच्या मनाने लिहिणे. दर पंधरा दिवसांनी पुन्हा तोच कागद, आणि जे मूल पुढे गेले त्याचा गट बदलायचा. गटांना 'हुशार' आणि 'कच्चे' अशी नावे देऊ नका, मुलांना लगेच कळते. वर्गशिक्षिकेला यादी द्या, म्हणजे शाळेत तीही त्याच पातळीवरून धरेल. अम्मीने रात्री दहा मिनिटे मुलाकडून गोष्ट ऐकायची. स्वतःला वाचता येत नसले तरी चालते. ऐकून झाल्यावर "मग पुढे काय झालं?" एवढे विचारले तरी मूल सांगण्यासाठी समजून वाचायला लागते.

शिबिरासाठी मे महिन्याची सुट्टी सर्वांत सोयीची. लग्नसराई आणि गावी जाणे सोडून तीस दिवस सलग मिळाले तरी अक्षरांवरचे मूल शब्दांवर येते. जूनमध्ये शाळा उघडल्यावर तो तास आठवड्यातून तीन दिवस तरी चालू ठेवावा लागेल. यादी बनवायला एप्रिल पुरतो, आणि तपासणीचा कागद जवळच्या कोणत्याही शिक्षिकेला दुसरीच्या पुस्तकावरून एका संध्याकाळी बनवता येतो.